खुडबुड करणाऱ्यांतूनच चांगले सॉफ्टवेअर इंजिनिअर घडतात का?

उघडझाप

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. या क्षेत्रात अनेक वर्षं काढली. काम अडलं की ज्यांच्याकडे धाव घ्यावीशी वाटते, त्या लोकांकडे बघितलं तर एक गोष्ट जाणवते. त्यातल्या बहुतेकांना लहानपणापासून हाती लागेल ती वस्तू उघडून बघायची खोड आहे. पदवी कशातली, याचा फारसा संबंध दिसत नाही. मी स्वतः रसायनशास्त्र शिकलेला. कॉम्प्युटर कॉलेजात कधी शिकलोच नाही.

माझी सुरुवात कॅसेट प्लेअरपासून झाली आणि पुढे मामाच्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर गाडी सरकली. स्पेक्ट्रम १९८२ सालचा. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड-८० प्रोसेसर, ४८ केबी मेमरी आणि प्रोग्रॅम साठवायला साधी ऑडिओ कॅसेट. टेपवर प्रत्येक बिट म्हणजे दोन पल्स. '१'ची पल्स '०'च्या दुप्पट लांबीची. कॅसेट दुसऱ्या प्लेअरवर भरलेली असली की प्रोग्रॅम हमखास लोड व्हायला नकार द्यायचा. प्लेअरच्या हेडशेजारी (हेड म्हणजे टेप वाचणारा भाग) स्प्रिंग लावलेला एक बारका स्क्रू असतो, त्याने हेडचा टेपशी असलेला कोन बदलतो. टेप चालू ठेवायची, बारीक स्क्रू ड्रायव्हरने तो स्क्रू केसभर फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. कोन बिघडलेला असेल तर आवाज दबका येतो, वरचा सूर गळून गेलेला असतो. कोन जुळला की तोच आवाज एकदम धारदार होतो, आणि मग प्रोग्रॅम बिनबोभाट लोड होतो.

म्हणजे प्रोग्रॅममधला एकही बाइट न बदलता, नुसतं ऐकून आणि स्क्रू फिरवून तो चालू करता येतो! याचा मला जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही. तेव्हापासून हार्डवेअर वेगळं, सॉफ्टवेअर वेगळं असे कप्पे माझ्या मनात पडलेच नाहीत. आजही सर्व्हर हळू झाला की आधी त्याच्या पोटात शिरावंसं वाटतं, रीस्टार्ट नंतर.

तर प्रश्न असा: तुम्ही या क्षेत्रात कुठून आलात? खुडबुडीची सवय कामात खरंच उपयोगी पडते, की आपण मागे वळून बघताना तसं जुळवून घेतो? माझं मत पक्कं आहे, उपयोगी पडते. पण वेगळं मत असणाऱ्यांनी जरूर लिहा.

अनुस्वार

मस्त धागा. कॅसेटचा तो चिरका आवाज आठवून कान टवकारले. वाचनखूण साठवली आहे, सविस्तर नंतर लिहितो.

रानजाई

उघडझाप, हेडच्या स्क्रूचं वर्णन फार आवडलं. आमच्या घरी स्क्रू ड्रायव्हर मात्र भावाच्या हातात असायचा. मला कोणी नको म्हटलं नाही, पण कोणी दिलाही नाही. माझ्या वाट्याला आलं शिवणयंत्र, आणि त्याबद्दल मला तसूभरही खंत नाही, कारण घरातलं सगळ्यात अवघड यंत्र तेच होतं.

टाका कसा पडतो हे कधी हळूहळू, हाताने चाक फिरवून बघा. सुई धागा घेऊन खाली जाते, तळाला टेकते आणि दोनेक मिलिमीटर वर येते. ती वर येऊ लागली की सुईच्या मागच्या बाजूला धाग्याचा छोटासा फास तयार होतो. नेमक्या त्या क्षणी खालच्या हुकचं टोक सुईच्या नेढ्याच्या जरासं वरून जायला हवं. फास पकडून तो बॉबिनभोवती फिरवला की वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकतो. हुक जरा लवकर आला तर फास तयारच झालेला नसतो. उशिरा आला तर निसटलेला असतो. दोन्ही वेळा वरून दिसतं एवढंच, की टाका सुटतोय. मग माणसं धागा बदलतात, सुई बदलतात, ताण कमी-जास्त करतात. दोष वेळेचा आहे हे लक्षात यायला झाकण काढून, चाक हाताने फिरवत बसावं लागतं.

पुढे नोकरीत दोन थ्रेडमधली (एकाच प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या दोन धाग्यांमधली) पहिली रेस कंडिशन, म्हणजे कोण आधी पोचतं यावर उत्तर बदलणारी चूक, समोर आली तेव्हा माझे सहकारी लॉग वाचून हैराण झाले होते. कधी बरोबर उत्तर, कधी चूक. मी म्हटलं, हे चाक हाताने फिरवून बघू. डीबगरमध्ये (प्रोग्रॅम थांबवून आत बघायच्या साधनात) एक थ्रेड थांबवला, दुसरा पायरीपायरीने पुढे नेला आणि 'हुक लवकर येतोय' ते स्पष्ट दिसलं. म्हणून माझं उत्तर ठाम होकारार्थी आहे. फक्त खुडबुड म्हटलं की डोळ्यांसमोर सर्किट आणि सोल्डरिंगचा धूर एवढंच येतं, ते चित्र मोठं करायला हवं.

पक्कड

रानजाईताई, साष्टांग नमस्कार! शिवणयंत्राकडे या नजरेने कधी बघितलं नव्हतं. आज घरातलं यंत्र उघडणार.

रानजाई

@पक्कड, उघडा, पण आधी बेल्ट काढा आणि सुई काढून ठेवा. घरातल्यांची परवानगी हा तिसरा मुद्दा. :)

शून्याधारित

मी विरुद्ध बाजूने लिहितो. मी आजवर घरातली एकही वस्तू उघडलेली नाही आणि उघडावीशी वाटलेलीही नाही. मी गणितातून इकडे आलो. शाळेत भूमितीतली सिद्धता पूर्ण झाली की जे समाधान मिळायचं, तेच मला प्रोग्रॅम लिहिताना मिळतं. प्रोग्रॅम चालवून बघण्याआधी तो बरोबर आहे हे मला माहीत असायला हवं, असा माझा आग्रह असतो.

संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्राचं उदाहरण घ्या. कमीत कमी अंतराचा मार्ग शोधण्याची त्याची पद्धत आज नकाशे आणि नेटवर्क यांच्या मुळाशी आहे. ती त्याने १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून, कागद-पेन्सिल न घेता, वीसेक मिनिटांत रचली. छापून आली १९५९ मध्ये. त्यात कुठे स्क्रू फिरवणं आलं? पुढेही तो आपले लेख फाउंटन पेनाने लिहीत असे.

'हे बदलून बघू, ते बदलून बघू' या सवयीचा मला कामात त्रासच जास्त होतो. माणूस काहीतरी बदलतो, चूक दिसेनाशी होते, आणि ती का होती हे कोणालाच कळत नाही. त्यापेक्षा शांत बसून विचार केलेला बरा.

पक्कड

@शून्याधारित, आदरपूर्वक असहमत. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कुठून आली ते बघा. केन थॉम्पसनने 'स्पेस ट्रॅव्हल' नावाचा खेळ लिहिला होता. मोठ्या मशीनवर तो खेळायचा तर कॉम्प्युटरच्या वेळेचा खर्च भरमसाट. म्हणून त्याने फारसा वापरात नसलेला एक पीडीपी-७ कॉम्प्युटर शोधला आणि खेळ त्यावर आणला. त्या मशीनवर नीट काम करायचं तर फाइल सिस्टिम हवी, मग प्रोसेस हव्यात, मग टाइप केलेल्या आज्ञा घेणारा शेल हवा... असं करत करत १९६९ मध्ये युनिक्स उभं राहिलं. ही अस्सल खुडबुड आहे. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सची घोषणा केली तीही 'छंद म्हणून करतोय' असंच सांगून.

आणि सुरुवातीच्या काळातली प्रोग्रॅमर ग्रेस हॉपर! सात वर्षांची असताना घड्याळ कसं चालतं ते बघायला तिने घरातली गजराची घड्याळं एकामागून एक उघडली. आईच्या लक्षात आलं तेव्हा आईने बंदी घातली नाही; प्रयोगाला फक्त एकच घड्याळ नेमून दिलं. थोडक्यात त्या माउलीने मुलीला वेगळा टेस्ट सर्व्हर दिला आणि प्रॉडक्शनची, म्हणजे रोजच्या वापरातली, घड्याळं वाचवली!

धुकं

टेस्ट सर्व्हर! =)) हे उद्या ऑफिसात सांगणार.

अनुस्वार

आता सविस्तर. शून्याधारित आणि पक्कड दोघेही प्रश्नाकडे आपापल्या एकाच बाजूने बघताहेत असं वाटतं. युनिक्सचंच घ्या. थॉम्पसन इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगकडून आलेला. त्याच्या शेजारी बसून काम करणारा डेनिस रिची हार्वर्डला आधी पदार्थविज्ञान आणि मग उपयोजित गणित शिकलेला. एक मशीनच्या मागे लागणारा, एक गणिताकडून येणारा. युनिक्स आणि सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा ही या दोघांची मिळून कमाई आहे. मला वाटतं, चांगल्या टीममध्ये दोन्ही प्रकारची माणसं लागतात आणि त्यांचं आपसात पटावं लागतं.

शून्याधारित यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मात्र मी शंभर टक्के सहमत आहे. नुसतं बदलून बघणं वेगळं आणि शोधणं वेगळं. रेडिओ दुरुस्त करणारा जाणकार माणूस सगळे भाग बदलत सुटत नाही. तो सर्किटच्या मधोमध सिग्नल तपासतो. तिथपर्यंत ठीक आला तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाहीतर मागच्या. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधलं 'बायसेक्ट' हेच करतं. हजार कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलांमध्ये) चूक कुठे शिरली ते साधारण दहा चाचण्यांत सापडतं. हे गणितही आहे आणि खुडबुडही.

जुना_जाणता

चर्चा छान रंगली आहे, पण वस्तू उघडण्याचा एवढा उत्साह बघून काळजीपोटी लिहितोय. मी आयुष्यभर दुरुस्तीचं काम केलं, प्रोग्रॅमिंगकडे नंतर वळलो.

जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही किंवा मॉनिटर आणि मायक्रोवेव्ह ओव्हन या वस्तू शिकाऊ माणसाने उघडायच्या नाहीत. रंगीत पिक्चर ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो तिथे टिकून राहू शकतो. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज होतो. त्याला समांतर लावलेला रेझिस्टर तो चार्ज उतरवतो खरा, पण तोच निकामी असेल तर बाहेरून कळत नाही. धक्का जीवघेणा असतो. फोनची फुगलेली बॅटरी टोचायची नाही, वाकवायची नाही, चार्जला लावायची नाही. मुलांना शिकवायचं तर सेलवर चालणाऱ्या वस्तू द्या. त्यात शिकण्यासारखं भरपूर आहे.

दुसरं, सॉफ्टवेअरवाल्यांसाठी. थेरॅक-२५ या रेडिएशन यंत्राबद्दल प्रत्येकाने वाचावं. १९८५ ते १९८७ या काळात त्या यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सर्ग दिला, काहींचे जीव गेले. त्याच्या आधीच्या मॉडेलमध्ये तशीच चूक सॉफ्टवेअरमध्ये होती, पण तिथे हार्डवेअरचे इंटरलॉक होते. काही चुकलं की ते इंटरलॉक यंत्र बंद करत. नव्या मॉडेलमध्ये ते इंटरलॉक काढले आणि सगळी भिस्त प्रोग्रॅमवर ठेवली. उघडझाप म्हणतात तसे मनात दोन कप्पे पडले की काय होतं, त्याचं याहून दारुण उदाहरण मला माहीत नाही.

उघडझाप

जुना_जाणता, मनापासून आभार. काका, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा.

धुकं

मला एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचंय. हल्ली मुलाखतीत सर्रास विचारतात, "ऑफिस सुटल्यावर घरी काय प्रोजेक्ट करता?" माझ्या घरी लहान मूल आहे आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. ऑफिस सुटल्यावर मी कॉम्प्युटर उघडत नाही. एका कंपनीत या प्रश्नानंतर समोरच्याचा चेहराच पडला आणि मुलाखत तिथेच आटोपती घेतली. कामाबद्दल एकही धड प्रश्न विचारला नाही. आवड असणं वेगळं आणि आवडीचा पुरावा मागणं वेगळं. 'खुडबुड करणारेच चांगले' हे वाक्य उद्या त्या मुलाखत घेणाऱ्याच्या हातात पडलं तर तो ते चाळणी म्हणून वापरेल.

आणि उघडायला वस्तू असावी लागते. ज्या घरात एकच रेडिओ आणि तोही मुश्किलीने घेतलेला, तिथल्या मुलाने तो उघडला तर कौतुक होत नाही, पाठीत धपाटा बसतो. त्याची जिज्ञासा कमी असते असं थोडंच आहे?

शून्याधारित

धुकं, दोन्ही मुद्द्यांना +१. अतिशय महत्त्वाचं लिहिलंत.

उघडझाप

@धुकं, पूर्ण मान्य, आणि हा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. मुलाखतीतल्या त्या प्रश्नाला माझा विरोधच आहे. कोणी रात्री जागून रोबो करतो की नाही, यावरून मला माणूस पारखायचा नाही. मी ज्याबद्दल बोलतोय ते दिवसाच्या कामातच दिसतं. एरर आली की एकजण ती शोधयंत्रात टाकून पहिलं उत्तर चिकटवतो. दुसरा पाच मिनिटं काढून लायब्ररीचा (म्हणजे वापरलेल्या तयार कोडचा) सोर्स उघडतो आणि ती एरर कुठल्या ओळीवरून फेकली गेली ते बघतो. त्याला घरी वेगळा वेळ लागत नाही, महागडी वस्तूही लागत नाही. तुमचे इतर धाग्यांवरचे प्रतिसाद वाचले आहेत. तुम्ही दुसऱ्या प्रकारच्या आहात याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

नवखा

नमस्कार, मी अकरावीत आहे. धागा वाचून खूप शिकायला मिळालं. पण आता फोन गोंदाने चिकटवलेले असतात, उघडला की काच तडकते. आणि प्रोग्रॅम तर एआय लिहून देतं. मग मी सुरुवात कुठून करू? काका, ताई, दादा, कोणीतरी नीट सांगाल का?

अनुस्वार

नवखा, फोनबद्दलची तुझी तक्रार अगदी रास्त आहे. युरोपियन युनियनच्या बॅटरी नियमांत फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता आली पाहिजे अशी तरतूद आहे. परिस्थिती बदलेल अशी आशा धरू. तोवर फोन सोड, दुसरीकडून सुरुवात कर.

पक्कड

@नवखा, तुझ्यासाठी एक प्रयोग. आर्डुइनो उनो आर-३ हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड घे. त्यातल्या चिपवर ३२ केबी फ्लॅश आणि फक्त २ केबी रॅम आहे, म्हणजे मामांच्या स्पेक्ट्रमपेक्षाही कमी. तो कमीपणाच शिकवतो, प्रत्येक बाइट कुठे जातो ते समजतं.

एक पुश बटण घे. एक टोक पिन २ ला, दुसरं ग्राउंडला. प्रोग्रॅममध्ये बटण दाबलं की आकडा एकने वाढव आणि स्क्रीनवर दाखव. आधी पिन साधी इनपुट ठेव. बटणाला हात न लावता नुसतं बोट वायरजवळ नेलंस तरी आकडे पळू लागतील. कारण मोकळी सोडलेली पिन ना शून्य ना एक, आसपासचा सगळा विद्युत गोंगाट ती पकडते. आता तिला 'इनपुट पुलअप' कर. चिपच्या आतला रेझिस्टर पिनला वर ओढून धरतो आणि आकडे शांत होतात.

आता बटण एकदा दाब. आकडा एकने वाढेल? कधी एकने, कधी तीनने, कधी पाचने! बटणाच्या आत धातूची पट्टी धातूवर आदळते आणि काही मिलिसेकंद थरथरत राहते. आपल्याला ते एकच दाबणं वाटतं, पण चिप सेकंदाला एक कोटी साठ लाख ठोक्यांच्या वेगाने चालते, तिला प्रत्येक थरथर वेगळी दिसते. याला बाउन्स म्हणतात. उपाय लगेच सांगत नाही, दोन दिवस झगड.

आणि हे फक्त आर्डुइनोपुरतं नाही बरं. पैसे भरायच्या पानावर माणूस घाईत दोनदा बटण दाबतो तेव्हा दोनदा पैसे कापले जाऊ नयेत, हा प्रश्न याच कुळातला.

रानजाई

एआयबद्दल: वापर, जरूर वापर, पण त्याने दिलेला प्रोग्रॅम चालला म्हणजे काम संपलं असं धरू नकोस. त्यातला एक आकडा बदल, काय होईल ते आधी वहीत लिही आणि मग चालव. अंदाज चुकला की तिथे शिकण्यासारखं काहीतरी आहे. आणि घरी शिवणयंत्र असेल तर...

जुना_जाणता

शिवणयंत्राला माझी परवानगी आहे. मायक्रोवेव्हला नाही.

नवखा

पक्कडदादा, बटण जोडलं! बोट जवळ नेल्यावर आकडे पळाले तेव्हा मी उडालोच, आईलाही बोलावून दाखवलं. पुलअप केल्यावर थांबले. बाउन्सही दिसला. बटण दाबलं की २० मिलिसेकंद थांबायचं असं लिहिलं, आकडा बरोबर येतोय. पण त्या वीस मिलिसेकंदांत बाकी सगळंच थांबतं, शेजारी लावलेला एलईडी लुकलुकताना अडखळतो.

शून्याधारित

नवखा, आता माझी पाळी. कोड बाजूला ठेव आणि कागद घे. बटण कुठल्या कुठल्या अवस्थेत असू शकतं ते लिही. मला चार दिसतात: सुटलेलं, दाबल्याचा संशय, दाबलेलं, सुटल्याचा संशय. प्रत्येकीभोवती गोल काढ आणि एकीतून दुसरीत कधी जायचं ते बाणावर लिही. 'सुटलेलं' असताना पिन खाली गेली की 'दाबल्याचा संशय' आणि वेळ टिपून ठेवायची. २० मिलिसेकंदांनंतरही पिन खालीच असेल तर 'दाबलेलं', मधेच वर गेली तर परत 'सुटलेलं'. उलट बाजूनेही तसंच. कुठेही थांबायचं नाही. प्रत्येक फेरीला घड्याळ बघायचं आणि पुढे जायचं. एलईडी मग अडखळणार नाही.

उघडझाप, तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत थोडं स्पष्ट करतो. मी वस्तू उघडत नाही, पण कल्पना उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही, हे या मुलाला उत्तर लिहिताना जाणवलं. तरीही पट्टी थरथरते ही गोष्ट मला कागदावर बसून कधीच कळली नसती. ती कोणीतरी बटण दाबून बघितली म्हणून कळली.

उघडझाप

@शून्याधारित, आणि मी तो बाणांचा कागद काढला नसता, थेट कोडमध्ये अटींवर अटी रचत बसलो असतो. तुमचा प्रतिसाद जपून ठेवतोय.

नवखा

चालतंय!! एलईडी अजिबात अडखळत नाही. शून्याधारितकाका, आता मला बटण दाबून धरलं तर वेगळं काम करायचंय, म्हणजे एक सेकंद धरलं की आकडा परत शून्य. 'दाबलेलं'नंतर पाचवा गोल काढला, 'दाबून धरलेलं'. पण हात काढला की आकडा शून्य होऊन लगेच एक होतो.

शून्याधारित

पाचवा गोल बरोबर आहे. तू आकडा वाढवायचं काम सुटताना करतोयस, तेही बरोबर, कारण सुटेपर्यंत दाबणं छोटं की लांब हे ठरतच नाही. पण 'सुटल्याचा संशय' या गोलात आता दोन ठिकाणांहून बाण येतात: 'दाबलेलं'मधून आणि 'दाबून धरलेलं'मधून. आत शिरल्यावर आपण कुठून आलो हे तो गोल विसरतो. त्याचे दोन वेगळे गोल कर. मग एकातून बाहेर पडताना आकडा वाढेल, दुसऱ्यातून वाढणार नाही. आणि संशय खोटा ठरला तर परत कुठल्या गोलात जायचं, तेही आपोआप ठरेल. कागदावर काढून फोटो इथे टाक, बाण मी तपासतो.